जपानमधील युरोपीय कंपनीने आपली बाजू कोणामार्फत मांडावी? ईबीसी आणि तिच्या पर्यायांचा तुलनात्मक आढावा

जपानमध्ये शाखा असलेल्या मध्यम आकाराच्या युरोपीय कंपनीला तिथला एखादा नियम जाचक वाटू लागला, तर दाद मागण्यासाठी तिच्यापुढे निदान चार वाटा असतात. आपल्या देशाचे टोकियोतील चेंबर, म्हणजे व्यापारी मंडळ, ही एक, सर्व युरोपीय चेंबर्सच्या वतीने धोरणविषयक काम पाहणारी युरोपियन बिझनेस कौन्सिल, म्हणजे ईबीसी, ही दुसरी, त्या क्षेत्रातील जपानी उद्योगसंघ ही तिसरी आणि थेट मंत्रालय ही चौथी. अमेरिकन चेंबर ही पाचवी वाट म्हणता येईल, आणि ती वाटते तितकी परकी नाही. यांतल्या प्रत्येक ठिकाणी वर्गणी तरी भरावी लागते किंवा माणसांचा वेळ तरी द्यावा लागतो, आणि सगळीकडे थोडे थोडे राहून कुठेच काही साधत नाही. ज्यांना यंदाच्या अंदाजपत्रकात यांपैकी एक-दोन वाटा निवडायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. जपानमधील युरोपीय कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी त्यांत आलीच. शिवाय युरोपातील कारखाने विकत घेतलेल्या पुण्या-मुंबईच्या उद्योगसमूहांचे अधिकारीही आले, कारण त्या कारखान्यांत तयार झालेला माल टोकियोत उतरतो तेव्हा तो युरोपीय मालच ठरतो.

ईबीसीचे काम आणि तिचे बळ

ईबीसीची स्थापना १९७२ सालची. तिला आणखी एक चेंबर समजण्याची चूक अनेक जण करतात. खरे पाहता ती जपानमधील निरनिराळ्या युरोपीय देशांच्या चेंबर्सची व्यापारधोरण सांभाळणारी सामाईक शाखा आहे, आणि तिच्यात स्वित्झर्लंडसारख्या युरोपीय संघाबाहेरील देशांचाही सहभाग आहे. त्यामुळे कंपनी साधारणपणे आधी आपल्या देशाच्या चेंबरची सदस्य होते आणि मग ईबीसीच्या उद्योगवार समित्यांत बसते. वाहने, रेल्वे, मद्य, अन्नपदार्थ, सौंदर्यप्रसाधने, वैद्यकीय उपकरणे, विमा, विधी सेवा, बांधकाम अशा क्षेत्रांच्या या समित्या हेच तिचे खरे अंग होय. एरवी बाजारात एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्यांचे लोक तिथे एका टेबलाभोवती बसतात आणि सगळ्यांना सारखाच त्रास देणारा नियम कोणता, एवढ्याच प्रश्नावर बोलतात.

या चर्चांतून श्वेतपत्रिका तयार होते. तीत प्रत्येक समितीचे मुद्दे, त्यांवरच्या शिफारशी आणि मागच्या खेपेपासून काही हालचाल झाली की नाही याचा शेरा असतो. एखाद्या मुद्द्यापुढे ‘प्रगती नाही’ हा शेरा वर्षामागून वर्षे तसाच राहिलेला दिसतो. नव्या सदस्याला हे निराशाजनक वाटेल, पण माझ्या मते या दस्तऐवजाची खरी किंमत याच चिकाटीत आहे. जपानी मंत्रालयांत अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि परकीय कंपन्यांचे व्यवस्थापकही तितक्याच लवकर मायदेशी परततात. अशा वेळी कोणत्या मुद्द्यावर कधी काय मागितले होते याची लेखी नोंद ठेवणारे कोणीतरी असावे लागते.

ईबीसीचे बळ उसने आहे, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. तिच्यामागे मतदार नाहीत, आणि परकीयांच्या राजकीय देणग्यांवर जपानी कायद्याने बंधने घातलेली आहेत. तिचे वजन ब्रुसेल्समधून, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयातून, येते. तिच्या शिफारशी टोकियोतील मंत्रालयांकडे जातात, तशाच युरोपीय आयोगाकडे आणि त्याच्या टोकियोतील शिष्टमंडळाकडेही जातात, आणि आयोग वाटाघाटींना बसला की त्याच्या हातात असलेल्या यादीत त्यांतले बरेचसे मुद्दे असतात. युरोपीय संघ आणि जपान यांच्यातील आर्थिक भागीदारी कराराची बोलणी २०१३ मध्ये सुरू झाली, १७ जुलै २०१८ रोजी टोकियोत त्यावर सह्या झाल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून तो लागू झाला. या काळात ईबीसीचे उसने बळ सर्वांत जास्त कामी आले.

याचे सोपे उदाहरण वाइनचे आहे. चिलीचा जपानशी करार २००७ मध्ये लागू झाला, त्यानुसार चिलीच्या वाइनवरचा आयातकर टप्प्याटप्प्याने उतरत गेला, आणि २०१५ पर्यंत जपानला येणाऱ्या बाटलीबंद वाइनच्या प्रमाणात चिलीने फ्रान्सला मागे टाकले. युरोपीय वाइनवर मात्र १५ टक्क्यांपर्यंत कर चालूच होता. युरोपीय संघाचा भागीदारी करार लागू झाला त्या दिवशी तो एकदम शून्यावर आला. चेडर आणि गौडा यांसारख्या कठीण चीजवरचा २९.८ टक्के कर १५ वर्षांत क्रमाक्रमाने जाणार आहे. या यशाचे श्रेय एकट्या ईबीसीला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण युरोपातील उत्पादक, आयोग आणि जपानचे स्वतःचे राजकीय हिशेब हे सगळेच त्यामागे होते.

रेल्वेचे उदाहरण अधिक बोलके आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात जपानने एक तळटीप घालून ठेवली होती. वाहतुकीच्या परिचालन-सुरक्षिततेशी संबंधित खरेदी त्या कराराबाहेर राहील, असे ती सांगत होती. आता रेल्वेत सुरक्षिततेशी संबंध नाही असे काय असते? डबे, ब्रेक, सिग्नल, रूळ, सारेच त्या एका वाक्यात सामावून जाई, आणि युरोपीय पुरवठादारांसाठी जाहीर निविदेचा मार्ग जवळजवळ बंद होई. या कलमाविरुद्ध युरोपीय रेल्वे उद्योगाने वर्षानुवर्षे तक्रार केली. मधल्या काळात एक उलटी गोष्टही घडली. जेआर ईस्ट, जेआर सेंट्रल आणि जेआर वेस्ट या तीन रेल्वे कंपन्यांचे खाजगीकरण पुरे झाल्याने त्यांना खरेदी कराराच्या यादीतून वगळावे हा जपानचा जुना आग्रह होता. २०१४ मध्ये युरोपीय संघाने आपला आक्षेप मागे घेतला आणि देशातले तीन मोठे ग्राहक त्या नियमांच्या कक्षेबाहेर गेले. सुरक्षिततेचे ते कलम मात्र भागीदारी करारान्वये काढून टाकावे लागले. म्हणजे कागदावर मोठा विजय झाला खरा, पण जपानी रेल्वे कंपन्या आणि त्यांचे दशकांपासूनचे पुरवठादार यांच्यातले नाते एका कलमाने तुटत नाही. ईबीसीत जाणाऱ्या कंपनीने अपेक्षा याच मापाने ठेवावी: नियम बदलू शकतो, पण ऑर्डर स्वतःच मिळवावी लागते.

देशाचे चेंबर

जर्मन चेंबरची टोकियोतील स्थापना १९६२ ची, फ्रेंच चेंबरची १९१८ ची. ओळखीपाळखी, बाजारपेठेची प्राथमिक माहिती, मायदेशाहून आलेल्या शिष्टमंडळाच्या भेटीगाठी, योग्य जपानी कर्मचारी शोधणे, या गोष्टी इथे सहज मिळतात आणि त्यांसाठी ईबीसीकडे जाण्यात अर्थ नाही. राजदूतावासाचा पाठिंबा हवा असेल तरी ही वाट जवळची आहे. उणीव इतकीच, की नियम बदलायचा झाला तर एका देशाचा आवाज अपुरा पडतो, कारण युरोपीय संघातील देशांचे व्यापारधोरण ब्रुसेल्समध्ये ठरते, बर्लिनमध्ये किंवा पॅरिसमध्ये नाही. ब्रिटिश कंपन्यांची गोष्ट वेगळी. ब्रिटनचा जपानशी स्वतंत्र करार १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, आणि त्याच्या अंमलबजावणीविषयी बोलायला त्यांना ब्रिटिश चेंबरच जवळचे.

अमेरिकन चेंबर

१९४८ मध्ये स्थापन झालेले अमेरिकन चेंबर आकाराने मोठे आहे, टोकियोबरोबरच कानसाई आणि चुबू भागांतही त्याचे काम चालते, आणि बिगर-अमेरिकी कंपन्यांची माणसेही त्याच्या कार्यक्रमांना सर्रास दिसतात. जपानी संसद सदस्यांच्या कार्यालयांत एकामागून एक भेटी देण्याचा उपक्रमही ते राबवते. त्याची परंपरा वेगळ्या राजकारणातून आली आहे. जपानीत ज्याला ‘गाइआत्सु’, म्हणजे बाहेरचा दबाव, म्हणतात त्याचे सर्वांत ठळक चित्र जानेवारी १९९२ मध्ये दिसले. मोठ्या दुकानांवरचे निर्बंध सैल व्हावेत म्हणून अमेरिकेने बराच जोर लावला होता, आणि नारा प्रांतातल्या काशिहारा इथे टॉइज आर अस या अमेरिकी खेळण्यांच्या दुकानाला खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी भेट दिली. युरोपीयांकडे असा प्रसंग उभा करण्याची ताकद क्वचितच असते, आणि तशी त्यांची रीतही नाही. ते मानकांचा मजकूर, चाचण्यांची परस्परमान्यता आणि संयुक्त समित्यांची इतिवृत्ते यांवर काम करतात. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची अडचण सारखीच असेल, जसे की वैद्यकीय उपकरणांच्या किमती किंवा आर्थिक सेवा, तर दोन्हीकडून तीच मागणी येणे फायद्याचे ठरते. पण ज्या मुद्द्यावर युरोपीय मानक आणि अमेरिकी मानक यांचेच भांडण आहे, तिथे अमेरिकन चेंबर उपयोगाचे नाही. वाहनांच्या सुरक्षा-नियमांचे उदाहरण याबाबतीत पुरेसे आहे.

जपानी उद्योगसंघ आणि केइदानरेन

१९४६ मध्ये स्थापन झालेली केइदानरेन ही बड्या जपानी उद्योगांची संघटना. तिथे जाऊन मध्यम युरोपीय कंपनीने फार काही मिळवल्याचे मला तरी वाटत नाही. क्षेत्रवार उद्योगसंघांचे मात्र तसे नाही. जपानी मंत्रालये नियमाचा मसुदा करताना सल्लागार मंडळे नेमतात आणि त्यांत उद्योगसंघांच्या प्रतिनिधींना बसवतात. नंतर मसुदा जनतेच्या सूचनांसाठी साधारण ३० दिवस खुला होतो, पण तोवर मजकुराचा सांगाडा बहुधा पक्का झालेला असतो. ईबीसीची सविस्तर टिपणी या ३० दिवसांत आली तर ती उशिरा आली असे समजावे. उद्योगसंघात बसलेल्या कंपनीला तोच मसुदा कितीतरी आधी कळतो. अडचण अशी की सारे काम जपानीत चालते, आपला माणूस अनेक वर्षे एकाच खुर्चीवर असावा लागतो, आणि जिथे परकीय स्पर्धा रोखणे हेच संघातील बहुसंख्यांचे हित असते तिथे आपली मागणी संघाच्या मागणीपत्रात उतरतच नाही. आयात गाड्यांसाठी वेगळा आयातदार संघ आहे, तशी सोय ज्या क्षेत्रात असेल तिथे ती अवश्य वापरावी.

थेट मंत्रालय

ही वाट लहान कंपन्या विनाकारण टाळतात. आपला नवा व्यवसाय एखाद्या नियमाच्या कक्षेत येतो की नाही याबद्दल संभ्रम असेल, तर २०१४ पासून ‘ग्रे झोन’ दूर करण्याची एक पद्धत उपलब्ध आहे: कंपनी आपली योजना लिहून देते आणि संबंधित मंत्रालय सर्वसाधारणपणे महिन्याभरात लेखी उत्तर देते. प्रश्न फक्त आपल्यापुरता आणि नेमका असेल तर कोणत्याही संघटनेच्या समितीत तो नेऊन सहा महिने घालवण्यापेक्षा हा मार्ग बरा. उत्तर नकारार्थी आले आणि दुखणे साऱ्या क्षेत्राचे निघाले, तर मग ते उत्तर हातात घेऊन ईबीसीच्या समितीत जावे. लेखी नकार हा श्वेतपत्रिकेसाठी फार चांगला कच्चा माल असतो.

निवड कशी करावी

ज्या कंपनीचे उत्पादन जपानमध्ये मान्यता, लेबल किंवा चाचणी यांत अडकते आणि तिच्या युरोपीय प्रतिस्पर्ध्यांचेही तेच होते, तिने ईबीसीच्या समितीत जावे. सौंदर्यप्रसाधने हे याचे नमुनेदार क्षेत्र. केसांचा रंग युरोपात सौंदर्यप्रसाधन गणला जातो, तर जपानमध्ये तो ‘अर्ध-औषध’ या वेगळ्या वर्गात मोडतो आणि त्याला पूर्वमान्यता लागते, त्यामुळे एका कंपनीने एकटीने ओरडून काही होत नाही. मात्र वर्गणी भरून श्वेतपत्रिकेची प्रत कपाटात ठेवणार असाल तर हा खर्च करू नका. समितीत मसुदा लिहायला बसणारा, जपानी कायद्याचा मजकूर वाचू शकणारा एक माणूस देता येत असेल तरच त्यात हशील आहे. ज्यांना फक्त ग्राहक आणि वितरक हवे आहेत त्यांना देशाचे चेंबर पुरते. जपानमध्ये ज्यांचा स्वतःचा कारखाना आहे आणि जपानी कर्मचारी दीर्घकाळ टिकून आहेत, त्यांनी उद्योगसंघाला पहिले स्थान द्यावे आणि ईबीसीला दुसरे.

करार लागू झाल्यापासून ईबीसीचे काम पूर्वीपेक्षा बारीक झाले आहे, आणि माझ्या दृष्टीने ते आता सदस्यांना अधिक उपयोगी आहे. २०१९ च्या सुरुवातीला युरोपीय निर्यातदार करारानुसार मालाच्या उगमाचे स्वप्रमाणन, म्हणजे माल कुठे तयार झाला याचा स्वतःच लिहिलेला दाखला, देत होते, तरी जपानी सीमाशुल्क विभाग आयातदारांकडे आणखी स्पष्टीकरणे मागत होता. उत्पादनाचे तपशील उघड करायला युरोपीय कंपन्या तयार नव्हत्या. ही पद्धत त्याच वर्षी सैल करण्यात आली. असले प्रश्न वर्तमानपत्रांत येत नाहीत, पण कंटेनर बंदरात अडकतो तो यांमुळेच.

पुण्याच्या समूहांसाठी याच संदर्भात एक व्यावहारिक सूचना. जर्मनीतील उपकंपनीचा सुटा भाग जपानला गेला तर त्याला युरोपीय करार लागू होऊ शकतो आणि ईबीसीची वाहन-सुटे भागांची समिती त्याच्या कामाची आहे. तोच भाग चाकणमध्ये तयार होऊन गेला, तर त्याला १ ऑगस्ट २०११ पासून लागू असलेला भारत-जपान करार लागतो, उगमाचा दाखला नेमलेल्या भारतीय संस्थेकडून घ्यावा लागतो, आणि त्याविषयीची तक्रार ईबीसी ऐकणार नाही. म्हणून सदस्यत्वाचा अर्ज भरण्याआधी जपानला जाणाऱ्या मालाची यादी काढून कोणता माल कोणत्या देशातून निघतो ते पाहावे. निम्म्याहून अधिक माल चाकणचा निघाला, तर ईबीसीची वर्गणी वाचवून ते पैसे टोकियोतील भारतीय दूतावासाच्या व्यापार विभागाशी पाठपुरावा करणाऱ्या माणसावर खर्चावेत.