बढतीचे शिफारसपत्र: विद्यार्थ्यांचे गुणांकन की सहकाऱ्याचे निरीक्षण?

ऑनलाइन मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेच्या बढतीसाठी शिफारसपत्र लिहायचे, तर हाताशी दोन पुरावे असतात: विद्यार्थ्यांनी तिच्या शिकवण्याला दिलेले गुण, आणि सहकाऱ्याने तिचे शिकवणे पाहून नोंदवलेले निरीक्षण.

विद्यार्थ्यांचे गुणांकन आयते मिळते. शंकेचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले की आठवड्याने, हे विद्यार्थ्याइतके कोणाला कळणार? पण त्यातली खोट गंभीर आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील एका ऑनलाइन वर्गावरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका स्त्री आणि एका पुरुष शिक्षकाची ओळख काही गटांपुरती अदलाबदल केली होती. पुरुषाचे नाव दिसले तिथे गुण जास्त पडले. तपासलेले काम एकाच वेळी परत केले होते, तरी तत्परतेचे गुणसुद्धा! हे वाचल्यापासून नुसत्या सरासरीवर मी कोणाची बढती तोलत नाही.

सहकाऱ्याचे निरीक्षण वेळखाऊ असते, आणि मैत्री-वैर तिथेही डोकावते. मात्र ऑनलाइन अभ्यासक्रमात चर्चा, अभिप्राय, स्वाध्याय सगळे नोंदलेले असते. सहसंबंधालाच, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलण्यालाच, कारण समजणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापिकेने कोणत्या उदाहरणाने सावरले, हे उघडून वाचता येते आणि पत्रात जसेच्या तसे मांडता येते. म्हणून पत्र निरीक्षणावर उभे करावे. गुणांकनातून विद्यार्थ्यांची लेखी मते तेवढी घ्यावीत.