लिरियन म्युझिक सर्व्हर आणि पायकोअरप्लेअर : वाजतं झकास, अडलं की मुकं

हार्ड डिस्कवरची गाणी खोलीखोलीत वाजवायची असतील तर फुकटात मिळणारी याहून भरवशाची जोडी शोधावी लागेल. सर्व्हरचं काम लिरियन करतो, तर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर बसवलेला पायकोअरप्लेअर प्लेअरचं. आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फाइलमध्ये जे आहे तेच डॅकपर्यंत (डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या उपकरणापर्यंत) पोचतं, पुढचं डॅक आणि स्पीकर बघून घेतात. दुखणं आहे ते बिघाडाच्या वेळचं. प्लेअर यादीतून गायब होतो, गाणं मधेच थबकतं, आणि पडद्यावर कारणाचा एक शब्द नसतो. मग लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात, आणि दोष बहुतेकदा राउटरचा निघतो.

मुळात हा स्क्वीझबॉक्स या नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या डब्यांचा सर्व्हर. ते बनवणारी स्लिम डिव्हायसेस ही कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये घेतली, २०१२ मध्ये ती उपकरणं बंद केली आणि २०२४ मध्ये मायस्क्वीझबॉक्स डॉट कॉम ही ऑनलाइन सेवाही गुंडाळली. सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असल्यामुळे स्वयंसेवकांनी ते लिरियन या नव्या नावाने पुढे नेलं. त्या नावाआधीची आवृत्ती अजून चालवत असाल तर आधी ती बदला. इंटरनेट रेडिओची यादी उघडत नाही या तक्रारीचं मूळ बहुधा तिथेच असतं.

प्लेअर दिसत नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. प्लेअर सुरू झाला की सर्व्हर शोधण्यासाठी यूडीपी पोर्ट ३४८३ वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कचा क्रमांक दिलेला दरवाजा) हाक मारतो, आणि ती हाक त्याच सबनेटपुरती, म्हणजे नेटवर्कच्या त्याच भागापुरती, जाते. गेस्ट वायफाय, वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं राउटरमधलं 'एपी आयसोलेशन', किंवा इंटरनेट कंपनीच्या राउटरमागे जोडलेला दुसरा राउटर, यांतलं काहीही मधे आलं की ती तिथेच विरते. दुसरा राउटर एपी मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय देईल. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरच्या सबनेटमधला पण वेगळा ठेवा आणि केबल वॅन (इंटरनेटच्या) ऐवजी लॅन (घरच्या नेटवर्कच्या) पोर्टात घाला. सर्व्हर विंडोजवर असेल तर नेटवर्क 'पब्लिक' ठेवू नका, 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये ३४८३ (टीसीपी व यूडीपी दोन्ही) आणि ९००० (टीसीपी) मोकळे ठेवा. ब्राउझरमध्ये ९००० वरचं पान उघडतंय पण प्लेअर दिसत नाही, असं झालं की समजायचं ३४८३ अडलाय.

सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता राखून ठेवा आणि तोच पायकोअरप्लेअरच्या स्क्वीझलाइट (प्रत्यक्ष गाणं वाजवणारा त्यातला प्रोग्रॅम) पानावर लिहून टाका. हाक मारण्याची भानगडच मिटते.

डीएलएनए (घरच्या नेटवर्कवर गाणी-व्हिडिओ वाटण्याची पद्धत) प्लेअरही वापरत असाल तर एक ओळखीची खूण सांगतो. सुरुवातीला उपकरण दिसतं, चार-पाच मिनिटांनी नाहीसं होतं, रीस्टार्ट केल्यावर पुन्हा दिसतं. हे आयजीएमपी स्नूपिंगचं काम, म्हणजे गटासाठीचा डेटा फक्त सदस्य उपकरणांनाच देण्याची नेटवर्क स्विचची सोय. स्विचवर स्नूपिंग चालू असतं, पण नेटवर्कमध्ये सदस्यांची विचारपूस करणारा क्वेरिअर कुणीच नसतो. त्यामुळे साधारण २६० सेकंदांनी स्विच त्या उपकरणाची नोंद पुसून टाकतो. क्वेरिअर चालू करा, किंवा घरच्या छोट्या नेटवर्कात स्नूपिंग सरळ बंद करा.

आता गाणं थबकण्याबद्दल. 'वायफायचा वेग कमी पडतो' हे उत्तर सर्रास दिलं जातं, आणि ते जवळपास नेहमी चुकीचं असतं. सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता पाठवला तरी १४११ केबीपीएस लागतात, २४ बिट १९२ किलोहर्ट्झला ९२१६. साधं वायफायही एवढं सहज ओढतं. अडतं ते मधल्या खंडांमुळे, आणि तो खंड निभावून न्यायला स्क्वीझलाइटचे दोन बफर (आधीच भरून ठेवलेले साठे) असतात. मुळात ते २०४८ आणि ३४४६ किलोबाइटचे. सीडी दर्जाच्या फ्लॅकला (दर्जा न घालवता दाबलेल्या फाइलला) एवढ्यात पंचवीसेक सेकंद निघतात. २४/१९२ च्या फ्लॅकला जेमतेम पाच-सहा. म्हणूनच साधे अल्बम निर्धास्त वाजतात आणि हाय-रेझ तेवढे अडखळतात. गाणं वाजत असताना प्लेअरची नेटवर्क केबल काढून (वायफाय असेल तर राउटर बंद करून) सेकंद मोजा, फरक लगेच कळेल. बफर १००००:२०००० केला की २४/१९२ लाही अर्ध्या मिनिटाच्या आसपास सवड मिळते.

पण बफर वाढवणं म्हणजे मलमपट्टी. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ च घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. पायच्या वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद आहे ना, तेही पाहा. पायला यूएसबी ३ ची डिस्क चिकटून असेल तर ती लांब सरकवा, कारण यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. आणि निदान सर्व्हर तरी केबलवर हवाच. सर्व्हर आणि प्लेअर दोन्ही वायफायवर असले की तेच गाणं हवेतून दोनदा जातं.

थबकणं वेगळं आणि टिकटिक वेगळी. गाणं पुढे सरकतंय पण मधे मधे बारीक 'टिक्' येतंय, तर नेटवर्कच्या मागे लागू नका. अल्सा (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) सेटिंगमधला पहिला आकडा मिलिसेकंदांत असतो, तो ८० वरून १६० करून बघा. तरीही फरक नाही पडला तर पायला वीज देणारा अडॅप्टर बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, आणि फोनचे चार्जर इथे दगा देतात. थोडा वेळ थांबून पुन्हा लावलं की पहिला सूर कापला जातो? थोडी शांतता गेली की डॅक सोडून देणारी 'क्लोज आउटपुट' ही सेटिंग रिकामी ठेवा. रीबूटनंतर आवाजच येत नसेल तर आउटपुटमध्ये साउंड कार्डाचा क्रमांक दिलाय का पाहा. क्रमांक बदलू शकतो, म्हणून कार्डाचं नाव द्यावं.

जुन्या स्क्वीझबॉक्सवाल्यांसाठी चांगली बातमी आहे. ते डबे लिरियनवर आजही वाजतात. फक्त त्यांना ८०२.११जी या जुन्या पिढीपर्यंतचंच वायफाय कळतं आणि डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) अजिबात कळत नाही. त्यांच्यासाठी २.४ वर डब्ल्यूपीए२ चं वेगळं वायफाय नाव ठेवा, नाहीतर केबल ओढा.

लिरियनचं मूळ वेबपान जुनाट आहे, 'मटेरिअल स्किन' प्लगिन पहिल्याच दिवशी घाला. माहितीपानं विखुरलेली आहेत आणि सेटिंगची नावं नवख्याला घाबरवतात. ज्याला राउटरच्या पानात शिरायचंच नाही त्याने या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी जरूर जावं. एक मात्र पाळा : पायकोअरप्लेअर मेमरीतून चालतो, त्यामुळे कमांड लिहून किंवा फाइल हाताने बदलून काही केलंत, तर 'बॅकअप' दाबल्याशिवाय वीज काढू नका. ते बदल एसडी कार्डावर उतरलेले नसतात.