नीट-एमडीएसचं ओरल पॅथ अ‍ॅप: आवाज झकास, स्लाईड पुसट

डेंटलच्या पीजी प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे नीट-एमडीएसच्या, एका अ‍ॅपवर वर्षभराच्या वर्गणीत दोन क्विंटल सोयाबीनचे पैसे गेले, म्हणून एवढं लिहितेय. अ‍ॅपचं नाव टाकत नाही, टाकलं तर कस्टमर केअरचे मेल परत सुरू होतील. क्यूबँक (प्रश्नसंच) केवढी, व्हिडिओ किती तासांचे, हे जाहिरातीत असतंच. मी फक्त ओरल पॅथबद्दल, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या पॅथॉलॉजीबद्दल बोलणार, कारण माझं डोकं फिरलं ते त्याच विषयात.

मी यवतमाळ जिल्ह्यात गावी राहून तयारी करते. सकाळी तालुक्याला एका क्लिनिकमध्ये अर्धा दिवस, बाकी अभ्यास. गावात नेटची एखादी दांडी दिसते, आणि पावसात लाइन गेली की तीही जाते. त्यामुळे अ‍ॅप घेतलं तेच मुळी ‘ऑफलाइन डाउनलोड’ बघून.

डाउनलोड होतं, नाही असं नाही. पण स्लाईड, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या पेशींचा फोटो, बोटांनी मोठी केली की नुसते गुलाबी-जांभळे चौकोन. डेटा वाचावा म्हणून फोटो इतके दाबलेत की पेशी ओळखू येत नाहीत. औषधांच्या तक्त्याला हे खपून जातं, अमेलोब्लास्टोमाला, म्हणजे जबड्याच्या एका ट्यूमरला, नाही. त्यातल्या फॉलिकलच्या, म्हणजे पेशींच्या पुंजक्याच्या, कडेला उंच पेशींची रांग असते आणि त्यांचे न्यूक्लियस बेसमेंट मेम्ब्रेनपासून, म्हणजे खालच्या पडद्यापासून, लांब, आतल्या टोकाला सरकलेले असतात. याला रिव्हर्स पोलॅरिटी म्हणतात. पाठ करायला दोन शब्द आहेत, पण इमेजवर प्रश्न आला की ते सरकलेलं डोळ्यांना दिसावं लागतं. ओकेसी, म्हणजे जबड्यातली एक सिस्ट (पोकळ पिशवी), तिचंही तेच. अस्तर पॅराकेराटिनचं, वरून लहरी, जाडी सहा ते आठ पेशींची, तळाची रांग पॅलिसेडिंग केलेली, म्हणजे कुंपणासारखी उभी. त्या सहा ते आठ पेशी या अ‍ॅपमध्ये कुणी मोजून दाखवाव्यात! मला एक जांभळा पट्टा दिसतो. पेपरात 240 प्रश्न, बरोबरला 4, चुकलं तर 1 वजा. म्हणजे पुसट स्लाईडवर अंदाज फसला की सरळ पाच गुणांचा फरक पडतो.

तक्रार केली. आधी म्हणाले कॅशे क्लिअर करा. मग म्हणाले तुमचा फोन जुना आहे. मग स्क्रीनशॉट मागितला. पाठवला, तर उत्तर आलं: ‘फोटो अस्पष्ट आहे, कृपया स्पष्ट पाठवा.’ आता याच्यावर माणसानं काय बोलावं?

दुसरी कटकट जुन्या प्रश्नांची. डब्ल्यूएचओनं 2005 मध्ये ओकेसीला ट्यूमरमध्ये टाकून केसीओटी नाव दिलं आणि 2017 मध्ये परत सिस्टमध्ये आणून बसवलं. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, पण क्यूबँकेला नव्हतं. एका प्रश्नात ट्यूमर बरोबर, दुसऱ्यात सिस्ट बरोबर, आणि दोन्हीखाली स्पष्टीकरण मात्र ठासून. रिपोर्ट मारल्यावर काही आठवड्यांनी तिथे ‘2017 पूर्वीचं वर्गीकरण’ अशी टीप आली. याचे मार्क मी देते.

आता चांगलं. व्हिडिओचा नुसता आवाज लावता येतो, आणि एसटीत मी तेवढंच ऐकते. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन फोडांचे आजार कॉलेजात चार वर्षं माझ्या डोक्यात एकत्र कालवले गेले होते. व्हिडिओत शिकवणाऱ्या बाईंनी एका फेरीत सोडवले. पेम्फिगसमध्ये बेसल (तळाच्या) पेशी खाली चिकटून राहतात आणि फट त्यांच्या वर पडते, पेम्फिगॉइडमध्ये अख्खं एपिथेलियम, म्हणजे वरचं अस्तर, खालून सुटतं. मग झँक पेशी (सुट्या पडलेल्या गोल पेशी) कुठे आणि का सापडतात, हे पाठ करावं लागत नाही. एओटी या जबड्याच्या ट्यूमरला दोन-तृतीयांश ट्यूमर का म्हणतात तेही त्यांनी असं सांगितलं की आर्णीचा स्टॉप निघून गेला तरी कळलं नाही.

पण ओएसएमएफ (सुपारीनं तोंड आखडत जाण्याचा आजार) त्यांनी पाचेक मिनिटांत उरकलाय. सुपारी, तिच्यातलं अ‍ॅरेकोलिन, एपिथेलियमखाली हायलिनचा पट्टा, पुढे. अहो, आमच्याकडे हाच तर रोजचा पेशंट. परवा एक पोरगा आला, पंचविशीतला. तोंडात दोन बोटं जेमतेम जात होती, गालाला आतून हात लावला तर पट्टे टणक लागत होते.

‘खर्रा किती?’

‘सोडला न मॅडम. आता दिवसाले दोनच पुड्या.’

महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी आली, तरी पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा पानठेल्यावर मिळतोच. तिखट भाजीनं आग होते म्हणून तो आला होता, तोंड उघडत नाही म्हणून नाही. प्रश्नपत्रिकेत केस नेमकी अशीच लिहिलेली असते, आणि त्यावर पाच मिनिटं!

अपडेट, दिवाळीनंतर: वरचं सगळं लिहून ठेवलं आणि नवं व्हर्जन आलं. त्यात ‘मूळ दर्जा’ असा पर्याय आहे. स्लाईड खरंच स्वच्छ दिसतात, पिंडबोर्ग ट्यूमरमधले लिझेगँग रिंग्ज (कॅल्शियमची वर्तुळं) गोल-गोल दिसले तेव्हा मी आईला हाक मारून दाखवले. म्हणजे ‘स्लाईड पुसट’ ही तक्रार अर्धी मागे. अर्धीच, कारण त्या व्हर्जननं आधीचं सगळं डाउनलोड उडवलं, आणि मूळ दर्जात एक चॅप्टर उतरवला की दिवसाचा डेटा साफ. मग तालुक्याच्या अभ्यासिकेत वायफायवर बसते. तिथले काका म्हणाले, ‘मॅडम, तुमचं काहीतरी उतरत राह्यते अन् भरतीवाल्या पोरायच्या टेस्ट अडकून राह्यतात.’ आता रात्री आठनंतर जाते.

एक फुकटची सोय सांगते. कॉलेजातल्या ज्युनिअरला मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल लावून स्लाईडचे फोटो काढायला सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावा, फोटो म्हणून पाठवले की तेही दाबले जातात. माझ्या अर्ध्या हिस्टोची, म्हणजे पेशींच्या स्लाईडची, रिव्हिजन त्यावरच चाललीय.

पूर्ण किमतीला घेऊ नका, परीक्षा जवळ आली की सूट निघते. आणि दोघींत मिळून एक वर्गणी चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: नाही चालत. दुसऱ्या फोनवर लॉगिन केलं की पहिली बाहेर, आणि तिचे डाउनलोडही गेले.