ऑनिंगसाठी शटरवाल्याकडे: अंबड लिंक रोडचा आमचा अनुभव

आमच्या मोटरहोमची (राहायची सोय असलेल्या गाडीची) मोटरवर चालणारी ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर, फेब्रुवारीत भंडारदऱ्याला अर्धी उघडी असताना अडकली. ती दुरुस्त झाली नाशिकमध्ये, अंबड लिंक रोडला, दुकानांची शटरं बसवणाऱ्या एका मिस्तरींकडे. 2021 साली राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, तेव्हापासून अशा गाड्या बांधून घ्यायचा उत्साह वाढलेला दिसतो. पण वरची ऑनिंग बिघडली तर नाशिककराने कुठे जायचं, हे मला त्या वेळी कोणीच सांगू शकलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची गाडी ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आहे. गाडी नवरा चालवतो आणि देखभालीची वही माझ्याकडे असते. सोबत कायम आई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय 81, दोन्ही गुडघे गेलेले आणि ऊन अजिबात सोसत नाही. वणीला गडाखाली थांबलो किंवा अंजनेरीच्या पायथ्याला, तरी ऑनिंग उघडली की खाली सतरंजी पडते, त्यांची खुर्ची लागते आणि त्या गवार मोडायला घेतात. त्या ऑनिंगला ओटा म्हणतात. "ओटा काढ गं," म्हणून स्वतःच स्विच दाबतात. त्यामुळे ही वस्तू बंद पडणं म्हणजे आमच्यासाठी आईंचं प्रवासाला येणंच बंद होणं.

भंडारदऱ्याला संध्याकाळी पाण्यावरून वारा सुटला म्हणून आम्ही ती मिटायला घेतली. मोटर कण्हत कण्हत निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. आम्ही घाबरून स्विच दाबत राहिलो. ही चूक होती, कारण अशा मोटरला तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते आणि आपण दाबत राहिलो की ती आणखी तापते. वीस मिनिटं हात न लावता थांबायला हवं होतं. शेवटी हाताने मिटवली. आमच्या ऑनिंगच्या पुढच्या टोकाला रबरी बूच आहे, त्याच्या आत सहाकोनी टोक. त्याला ड्रिल मशीन लावलं की पाच मिनिटांचं काम, पण मशीन घरी राहिलेलं. पान्याने एकेक फेरा देत चाळीस मिनिटं गेली. नवरा शिडीवर, मी पुढची दांडी दोन्ही हातांनी सरळ धरून उभी, आणि आई गाडीच्या पायरीवर बसून टॉर्च धरून. मग ऑनिंगचे दोन्ही हात, म्हणजे तिला पेलणारे बाजूचे दोन दांडे, पट्ट्यांनी गाडीला आवळून बांधले आणि सकाळी घोटीमार्गे परत आलो.

जिथून ऑनिंग घेतली त्यांना व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मोटर गेली, पूर्ण रोलर (कापड गुंडाळणारी नळी) बदलावा लागेल, 38 हजार रुपये, माल यायला सहा आठवडे, आणि बसवायला गाडी घेऊन पुण्याला या. एकाही माणसाने व्होल्टेज किती येतंय एवढं विचारलं नाही. मला त्याचा राग आजही आहे. व्हिडिओ बघून 38 हजारांचं निदान करू नये.

आमच्या इमारतीखाली औषधाचं दुकान आहे, त्याचं शटर बटणावर चालतं. त्या दुकानदारांशी बोलताना लक्षात आलं की त्या शटरची मोटरही आमच्या ऑनिंगसारखी पाइपच्या आतच बसवलेली असते. ते शटर ज्यांनी बसवलं, तेच हे मिस्तरी. दुकानाला पाटी नाही. पुढे पत्र्याच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या उभ्या आणि दारात वेल्डिंगचं सामान, एवढीच खूण. गाडी बघून ते आधी म्हणाले, "ताई, गाडीवर असलं मी कधी खोललेलं नाही. पण नळीतली मोटर रोज खोलतो. आधी बघू, मग सांगतो." मला हे फार आवडलं.

त्यांनी पहिल्यांदा मोटरला हात लावलाच नाही. आधी विचारलं, गाडीची चावी चालू आहे का? बऱ्याच गाड्यांमध्ये चावी चालू असताना ऑनिंग उघडूच नये अशी जोडणी केलेली असते, म्हणजे चालत्या गाडीला ती बाहेर येणार नाही. आमच्याकडेही तशीच आहे. चावी बंद होती. मग फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग दुसरा प्रश्न: "उघडताना नीट उघडते, फक्त मिटताना रडते, असं आहे का?" अगदी तसंच होतं. त्याचं कारण त्यांनी हाताने दाखवलं. ऑनिंगच्या दोन्ही हातांमध्ये गॅसच्या नळ्या असतात, गाडीच्या डिकीचं झाकण वर धरणाऱ्या असतात तशा. उघडताना कापड बाहेर ढकलायचं काम त्या करतात, मोटर नुसती सोडत जाते. मिटताना मात्र मोटरला त्या नळ्यांच्या जोराविरुद्ध ओढावं लागतं. म्हणून करंट कमी पडत असेल तर तो आधी मिटताना कळतो.

मग ऑनिंग उघडून घेतली आणि मीटर काढलं. मला वहीत लिहायला सांगितलं आणि नवऱ्याला स्विच धरायला. मोटर चालू असताना बॅटरीवर 12.3 व्होल्ट. मोटरच्या तारांवर 9.6. म्हणजे 2.7 व्होल्ट वाटेतच गायब. आता ते कुठे जातायत हे शोधायचं. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी मोटरच्या प्लसला लावली: 0.4. मग तसंच मायनसच्या बाजूला: 2.3. मिस्तरी हसले आणि म्हणाले, "मोटर चांगली आहे ताई. अर्थ खराब आहे." अर्थ म्हणजे अर्थिंग, मायनसची तार गाडीच्या पत्र्याला जिथे जोडतात तो जोड. खात्री म्हणून मोटरच्या दोन तारा सुट्या करून थेट दुसऱ्या बॅटरीला जोडल्या. अडकलेली ऑनिंग सरसर मिटली. तारा उलट्या जोडल्या, तर उघडली. मी तिथे उभी राहून दोन वेळा बघितलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

अर्थचा बोल्ट मागच्या बाकाखाली, पत्र्याला लावलेला. तो खोलल्यावर तारेच्या टोकाचा लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) हिरवा पडलेला दिसला, आणि बोल्टखाली पत्र्यावर रंग तसाच. म्हणजे गाडी बांधणाऱ्याने रंग न खरवडताच अर्थ दिला होता. हिरवा रंग नखाने खरवडत त्यांनी विचारलं, "समुद्रावर गेला होतात का?" डिसेंबरमध्ये आम्ही गुहागरला पाच दिवस होतो. खारी हवा आधीच कच्च्या असलेल्या जोडात शिरली आणि महिन्या-दोन महिन्यांत काम झालं.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन लग दाबून बसवला, दातेरी वॉशर घातला, घट्ट केला आणि वरून व्हॅसलीन लावलं. फ्यूज शाबूत असला तरी फ्यूजचा होल्डर एका बाजूने किंचित वितळलेला होता, तोही बदलला. पुन्हा मोजलं तेव्हा मोटरवर 11.8. एकूण दीड तास, सामानासह 1,400 रुपये.

नवी असताना ही ऑनिंग 22 सेकंदांत मिटायची, माझ्या वहीत नोंद आहे. गुहागरला 35 लागत होते. मी ते लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही. आता 23 लागतात. ज्यांच्याकडे ऑनिंग आहे त्यांनी महिन्यातून एकदा मोबाइलवर वेळ मोजा, दुसरं काही नाही केलं तरी चालेल. वेळ वाढत गेली की मोटरवर जाण्याआधी बॅटरी आणि अर्थ बघा.

आता जिथे मिस्तरी कमी पडले तेही लिहिते. हातांच्या सांध्यांना ते ग्रीस लावायला निघाले होते. शटरला ते ठीक असेल, पण गाडीवर ग्रीसला आग्रा रोडची सगळी धूळ चिकटणार आणि तिचाच पॉलिश पेपर होणार. मी थांबवलं. पुस्तिकेत सिलिकॉनचा कोरडा स्प्रे सांगितलाय, तोच मारला. वाऱ्याचा सेन्सर त्यांना जमला नाही. पुढच्या दांडीवर छोटी डबी आहे, दांडी जास्त हलली की ती ऑनिंग आपोआप मिटते. आमची विनाकारण मिटायची. घरी येऊन मी डबीतले सेल बदलले, हलण्याची मर्यादा दोन घरं वाढवली आणि ती शांत झाली. पण सेन्सर आहे म्हणून ऑनिंग उघडी टाकून कोणी फिरायला जाऊ नये. मे महिन्यात वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो सेन्सरला वेळच देत नाही.

आणि ते पावती देत नाहीत. मागितल्यावर वहीच्या कागदावर लिहून दिलं. ज्यांना जीएसटीचं बिल हवं त्यांनी आधी बोलून घ्यावं. वेळेचंही सांगते: सकाळी दहाला या म्हणाले आणि साडेबाराला गाडीला हात लागला, कारण मधे एका दुकानाचं शटर अर्ध्यात अडकल्याचा फोन आला. आईंना घेऊन गेले असते तर अवघड झालं असतं.

कापडाचं काम त्यांनी स्वतः केलं नाही, मंडपाचं कापड शिवणाऱ्यांकडे पाठवलं, आणि ते बरोबरच केलं. कापड धड होतं, पण कडेची शिवण उन्हाने कुजली होती, दोरा बोटाने तुटत होता. जाड पॉलिएस्टर दोऱ्याने दुहेरी टीप मारून घेतली, 600 रुपये. कापड परत चढवताना मिस्तरींनी रोलरवर आधी पेन्सिलने खूण केली होती, म्हणून ते सरळ बसलं. बोटभर जरी तिरकं बसलं तरी मिटताना एक हात पुढे, एक मागे राहतो.

काळे ठिपके मात्र गेले नाहीत. ती चूक आमची. मागच्या जुलैत इगतपुरीला पावसात ऑनिंग ओली मिटली आणि घरी आल्यावर उघडायचं राहून गेलं. आठ दिवसांनी उघडली तर बुरशीचा वास आणि कोपऱ्यात ठिपके. साधा साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश यांनी वास गेला, ठिपके फिके झाले, पण राहिले. शेजारच्यांनी ब्लीच सुचवलं होतं. मी नाही वापरलं, त्याने कापडावरचा थर आणि शिवण दोन्ही जातात. आता पावसातून आलो की रात्री कितीही उशीर होवो, दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या आवारात गाडी लावून ऑनिंग उघडते आणि पूर्ण वाळल्यावरच मिटते. आणि पावसात उघडी ठेवायचीच असेल तर एक हात दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली घेते, म्हणजे पाणी एका बाजूने वाहून जातं. कापडाला पोट आलं आणि त्यात दोन बादल्या पाणी साचलं तर ते तीस किलो होतं, आणि ते सगळं त्या दोन हातांवर.

मिस्तरींना मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो वेळेसाठी. गाडी उंच असेल तर आधी फोन करा, गल्लीच्या तोंडाशी विजेच्या तारा खाली आहेत, ते स्वतः बाहेर येऊन गाडी आत घेतात. शनिवारी बंद असतं. जाताना बॅटरी पूर्ण चार्ज करून जा, नाहीतर मोजलेल्या आकड्यांना अर्थ राहणार नाही, आणि अर्थचा बोल्ट कुठे आहे हे गाडी बांधणाऱ्याला आधीच विचारून ठेवा. आमचा अर्धा तास तो शोधण्यातच गेला.

गेल्या रविवारी वणीला गेलो होतो. आईंनी स्विच दाबला, ओटा बाहेर आला, आणि संध्याकाळी मिटताना त्या माझ्या मोबाइलकडे बघत मोठ्याने आकडे मोजत होत्या. तेवीस.