आमच्या वडगावचं पोळी-भाजी केंद्र (संस्थेत नोकरी करणाऱ्यांनी जरूर वाचा)

५ पैकी ४ स्टार. नाव टाकत नाहीये कारण केंद्र चालवणाऱ्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं नको, आहेत त्याच ऑर्डरी पुरवताना नाकी नऊ येतात." पण असं केंद्र आता प्रत्येक एरियात असतंच, त्यामुळे आपल्या जवळचं कसं निवडायचं त्याला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

मी एनजीओत आहे, ऑफिस पुण्यात आणि फील्ड भोर तालुक्यात. म्हणजे जून-जुलैत भातलावणी सुरू झाली की बायका दिवसभर खाचरात, मग बचत गटाची मीटिंग संध्याकाळी सहाच्या आत लागतच नाही, ती संपवून कापूरहोळला हायवेला लागायचं, खेड शिवापूरचा टोल, बोगदा, पुढे नवले पुलाचं ट्रॅफिक, घरी पोचेपर्यंत नऊ. मार्चमध्ये तर विचारूच नका, कंपन्यांना सीएसआरचा (समाजकार्यासाठी काढलेल्या पैशांचा) खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा असतो त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येकाला युटिलायझेशन सर्टिफिकेट (दिलेले पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आजच हवं असतं, ते आवरतं न आवरतं तोच आयकर खात्याला देणगीदारांची माहिती द्यायचा १०बीडी फॉर्म ३१ मेच्या आत. आणि घरी सहावीतली मुलगी, सासूबाई, नवऱ्याची शिफ्ट. नऊला घरात पाऊल टाकून कणीक मळायला घेतली की जेवायला दहा, ओटा आवरून साडेदहा, लेक तोवर झोपलेली. आणि तिची गणिताची वही तशीच.

तर केंद्र. सकाळी दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेनू येतो, संध्याकाळी पाचच्या आत ऑर्डर टाकायची, सात ते साडेआठ न्यायला यायचं. मी फील्डवरूनच ऑर्डर टाकते, नवरा किंवा लेक जाऊन आणतात. घडीची पोळी १२ रुपये, भाजी पाव किलो ६० च्या आसपास, आमटी वेगळी. दोन सुक्या भाज्या, एक रस्सा किंवा उसळ, बुधवारी आणि शनिवारी ज्वारीची भाकरी.

पोळीबद्दल मुद्दाम सांगते कारण तिथेच बहुतेक ठिकाणी माती खातात. गरम पोळी तव्यावरून थेट प्लास्टिकच्या पिशवीत गेली की तिला घाम सुटतो आणि घरी येईपर्यंत खालच्या दोन-तीन भिजून लगदा होतात. इथे पोळी आधी वेताच्या टोपलीत पसरतात, वाफ गेली की मगच एकावर एक रचून फडक्यात, आणि देताना बटर पेपरमध्ये (वर्तमानपत्रात नाही, शाईच्या कागदात अन्न बांधू नका असं एफएसएसएआयनेच, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच सांगितलंय). सकाळी डब्याला नेली तरी पदर सुटतात, चिवट होत नाही. नवीन केंद्र लावायच्या आधी हे एवढं बघाच, उभं राहून पोळी कशात भरतात ते बघा.

भाज्यांमध्ये मटकीची उसळ आणि पीठ पेरून केलेली मेथी बेस्ट. गवारीला ओवा घालतात, छान लागते. भरल्या वांग्यात तेल जास्त आणि गूळपण जास्त, आमच्या सातारकडच्या तोंडाला ते झेपत नाही, काकूंना दोनदा सांगून झालंय. पण माणूस खरा आहे. परवा मी स्वतः गेले होते तर म्हणाल्या, "दोडका नको नेऊस, आज जून निघालाय, मटकी ने." स्वतःच्या दुकानात असं कोण सांगतं?

सासूबाईंना सुरवातीला अजिबात पटलं नव्हतं, विकतच्या पोळ्या म्हणजे घरात बाई नाही का असं त्यांना वाटायचं. मला राग नाही आला, त्यांचं सगळं आयुष्य त्या ओट्यापाशी गेलंय. आता त्याच मेनू वाचून दाखवतात आणि भाकरीच्या दिवशी पिठलं स्वतः करतात.

आता चौथ्या स्टारनंतर अडलं कुठे. साडेआठ म्हणजे साडेआठ, शटर खाली. सोमवारी बंद, गौरी-गणपतीत आठवडाभर बंद. ज्या दिवशी आपल्याला सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी हे लोक नसतात आणि एक स्टार मी त्यासाठीच कापलाय. पण कारण विचारलं तेव्हा कळलं की आत पोळ्या लाटणाऱ्या चार बायका आहेत, नगावर पैसे मिळतात, आणि साडेआठच्या पुढे थांबवलं तर त्यांच्या घरचं जेवण कोण करणार? मी दिवसभर गावात महिलांच्या रोजगारावर बोलते आणि माझी संध्याकाळ मोकळी व्हावी म्हणून दुसरीने रात्री दहापर्यंत लाटणं धरावं हे मला नको आहे. हे काम आपल्याकडे जुनं आहे, मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायकांच्या वेळेचा हिशोब कोणीतरी मांडला म्हणून ते उभं राहिलं.

आणि खरं सांगू, त्या शटरमुळेच मी ऑफिसात एक गोष्ट मागून घेतली. साडेआठनंतर डोनरचा फोन असो की टीमचा, गावात इमर्जन्सी नसेल तर सकाळी. संस्थेत हे बोलायला फार जड जातं कारण कामच असं आहे की थांबलं की अपराधी वाटतं, समोरच्याचं दुःख मोठं आणि आपली झोप छोटी असं मनात बसलेलं असतं, वरिष्ठ पण वाईट नसतात, ते स्वतःच अकरापर्यंत मेल टाकत बसलेले असतात. पण टीममधल्या दोन चांगल्या मुली अशाच थकून सोडून गेल्या, आणि त्या गेल्यावर गावातल्या गटांचं जे नुकसान झालं ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही. जेवणं साडेनऊला उरकतात आता, मग अर्धा तास लेक आणि मी अपूर्णांक घेऊन बसतो. फोन आतल्या खोलीत.

ज्यांना लावायचंय त्यांच्यासाठी: आधी आठवडाभर ट्रायल घ्या, महिन्याचे पैसे एकदम भरू नका, स्वतःचा स्टीलचा डबा न्या, आणि आत लाटणाऱ्यांना किती मिळतात ते विचारा. आमच्या काकूंनी तोंडावर सांगितलं. जे सांगत नाहीत त्यांच्याकडे मी नाही लावणार. सोमवारसाठी रविवारीच दहा पोळ्या जास्त घेऊन ठेवा, तव्यावर तूप सोडून शेकल्या की चालतात.