तपासणीचे दोनशे रुपये घेणारं चष्म्याचं दुकान

पुण्यात टिळक रस्त्यालगतच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. काउंटरमागे पाटी आहे: 'डोळे तपासणी रु. २००. चष्मा घेतला तरी आणि नाही घेतला तरी.' ती वाचून पायरीवरूनच परत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. इथून लक्ष्मी रस्ता चालत जाण्याइतका जवळ, तिथे मोफत नेत्रतपासणीचे फलक लागलेले, मग दोनशे कशाला घालवा, असं त्यांना वाटत असणार. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी मुद्रितशोधक आहे. मराठी पुस्तकांची प्रुफं वाचणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. नऊ पॉइंटच्या अक्षरात 'ध'चा 'घ' झालेला दिसला नाही, तर माझा उपयोग काय? 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांच्यातला बारीक फरक, एका अक्षराने पुढे सरकलेला रफार, शाईच्या ठिपक्यात मिसळून गेलेला अनुस्वार, हे सगळं दिवसभर, ओळीमागून ओळ दिसावं लागतं. त्यामुळे चष्म्याच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी वहिनींबरोबर एका मोठ्या, झगमगीत दुकानात गेले होते. वहिनींना चष्मा करायचा होता. तपासणी मोफतच होती, म्हणून त्यांनी मलाही बसवलं. आत जाण्याआधी मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी सांगायचा. मग यंत्रासमोर हनुवटी टेकवायची. आत लांब रस्त्याच्या टोकाला एक रंगीत फुगा दिसतो, आधी पुसट आणि मग स्पष्ट. यंत्रातून चिठ्ठी निघाली. तपासणाऱ्या मुलाने दोनचार काचा बदलून भिंतीवरची इंग्रजी अक्षरं वाचून घेतली आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर वाढल्याचं सांगितलं. मी काय काम करते, कागद किती अंतरावर धरते, हे त्याने विचारलं नाही. मुलगा उद्धट मुळीच नव्हता. बाहेर माणसं ताटकळत होती आणि आतल्या माणसाला लवकरात लवकर फ्रेमच्या भिंतीपाशी नेणं हेच त्याचं काम होतं. मी नंबरचा कागद मागितला. "तो सिस्टीममध्ये सेव्ह असतो मॅडम, चष्मा बुक केला की मिळेल," असं उत्तर आलं.

म्हणजे तपासणी मोफत, पण तपासणीत काय निघालं ते चष्मा घेतल्यावर कळणार. त्या मुलाचा पगार, ते महागडं यंत्र, भर रस्त्यावरच्या जागेचं भाडं, यातलं काहीच फुकट नसतं. हा सगळा खर्च फ्रेम आणि काचांच्या किमतीत बसवलेला असतो. त्यात वावगं काही नाही, धंदा असाच चालतो. मला खटकतं ते वेगळंच. तपासणाऱ्याला तपासण्याचे पैसे मिळत नसतील आणि विकण्याचे मिळत असतील, तर 'तुमचा जुना चष्मा चांगला आहे, नवा करू नका' हे वाक्य त्याला परवडत नाही. दिवसभरात कितीतरी जणांना ते सांगायला हवं असतं.

हेच वाक्य मला या छोट्या दुकानात ऐकायला मिळालं.

इथले काका स्वतः तपासतात. नाकावर जड, गोल फ्रेम चढवतात आणि तिच्यात एकेक काच सरकवत जातात. "आता बरं की मघाशी बरं?" हा प्रश्न ते न कंटाळता विचारतात. आपण गोंधळलो की तीच जोडी पुन्हा दाखवतात. "घाईने उत्तर देऊ नका, कळत नसेल तर कळत नाही म्हणा," असं त्यांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं. लांबचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी पिशवीतून प्रुफांचा गठ्ठा काढला. त्यांनी एक पान माझ्या हातात दिलं, म्हणाले, "नेहमी बसता तशा बसा आणि वाचायला लागा." मी वाचू लागल्यावर शिंप्याची टेप घेऊन त्यांनी डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजलं. अडतीस सेंटिमीटर भरलं. जवळचा नंबर त्यांनी त्याच अंतराला, त्याच पानावर काढला. एका जोडीला अनुस्वार ठळक दिसत होते, पण ओळीच्या टोकाला डोळा ओढल्यासारखा वाटत होता. त्यांनी पाव नंबर कमी केला आणि ओढ गेली. चष्म्याचा नंबर पाव-पावच्या टप्प्याने बदलतो. ज्याला दिवसभर वाचायचं असतं त्याला त्या पावाने संध्याकाळी डोकं दुखतं की नाही हे ठरतं.

शेवटी निष्कर्ष असा निघाला की फक्त डाव्या डोळ्याचा नंबर पावाने बदलला आहे. "एवढ्यासाठी नवा चष्मा करू नका. वर्षभराने या," असं म्हणून त्यांनी कागद लिहून दिला. त्यावर दोन्ही डोळ्यांचे नंबर, अक्ष (तिरक्या नंबराचा कोन), बाहुल्यांमधलं अंतर आणि वाचनाचं अंतर, सगळं होतं. तो दाखवून मी कुठेही चष्मा करू शकते. घरात कुणाला काचबिंदू होता का, हेही त्यांनी विचारलं. माझ्या वडिलांना होता. तेव्हा ते स्पष्ट म्हणाले, "मी नंबर काढतो, मी डॉक्टर नाही. तुम्ही नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब तपासून घ्या, डोळ्याच्या मागची नसही बघायला सांगा." काचबिंदूत बहुधा नजर कडेकडेने जाते, दुखत नाही आणि समोरचं बराच काळ नीट वाचता येतं. भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली म्हणजे डोळे ठीक आहेत असं समजून घरी जाणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. मी नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आले. दाब ठीक निघाला. पण घरात काचबिंदू असल्याने दर वर्षी यायला सांगितलं आहे.

दोनशे रुपये देताना मी त्यांना विचारलं, निदान चष्मा घेणाऱ्यांना तरी हे पैसे माफ का करत नाही? म्हणाले, "माफ केले की ते मला चष्म्यात धरावे लागतात. मग समोरच्याने चष्मा घेतलाच पाहिजे असं मला वाटायला लागेल. ते मला नको."

हे मला अगदी आतून पटलं, कारण माझ्याही व्यवसायात हेच आहे. 'फक्त एकदा नजर टाका ना' असं म्हणून लोक दोनशे पानांचं हस्तलिखित पुढे करतात. त्यांच्या मते छपाई म्हणजे खर्च, बांधणी म्हणजे खर्च, आणि नजर टाकायला काय लागतं? नजर टाकणं हेच तर काम आहे. ते नीट करायला वेळ जातो आणि ते येण्यामागे वर्षं गेलेली असतात.

आता वहिनींबद्दल. त्यांनी त्या मोठ्या दुकानात 'एकावर एक मोफत' योजनेत दोन प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेत असलेले, चष्मे घेतले. दुसरी फ्रेम मोफत, मात्र तिच्या काचा मोफत नाहीत, आणि योजनेत बसण्यासाठी काचा अमुक दर्जाच्या वरच्याच घ्यायच्या, हे बिल करताना समजलं. वर दोन्हींना ब्लू कटचं, म्हणजे निळा प्रकाश अडवणारं, कोटिंग. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. संगणकावर काम करून येणारा डोळ्यांचा शीण ब्लू कट काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो, असं निदान थोड्या काळाच्या वापरात तरी त्यात दिसलं नाही. वहिनी तर संगणकावर बसतही नाहीत.

पहिला चष्मा बरा होता. मोफतचा दुसरा घातला की मात्र त्या मान मागे टाकून वाचायच्या. मी त्यांना या दुकानात घेऊन आले. काकांनी चष्मा उजेडात तिरका धरला आणि काचेवर कोरलेल्या दोन अगदी बारीक खुणा शोधून काढल्या. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर अशा दोन खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटर अंतरावर. नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्यांवर पेनाने ठिपके दिले, त्यांच्या आधाराने काचेचा मध्य आखला आणि चष्मा वहिनींच्या डोळ्यांवर चढवला. बाहुली जिथे यायला हवी ती फुली तिच्या चांगली चार मिलिमीटर खाली होती. मी शेजारून पाहत होते, मलाही स्पष्ट दिसलं. प्रोग्रेसिव्हमध्ये वर लांबचं, खाली जवळचं आणि मधे उतरता नंबर असतो. त्यामुळे प्रत्येक फ्रेम नाकावर बसवून बाहुलीची उंची वेगळी मोजावी लागते. पहिल्या फ्रेमचंच माप दुसरीला लावलं असावं असा काकांचा अंदाज.

"अगं, मग तो फुकटातला चष्मा मला केवढ्याला पडला?" वहिनींनी दुकानातच विचारलं. काचांचं बिल त्यांच्या पर्समध्येच होतं. वर रोज येणारे योजनांचे मेसेज आहेतच, कारण मोबाइल नंबर तर आपणच दिलेला.

करविषयक एका पुस्तकाची प्रुफं वाचताना यासंबंधीचं एक परिपत्रक माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. ७ मार्च २०१९ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने जीएसटीसाठी खुलासा केला की 'एकावर एक मोफत'मध्ये वरवर एक वस्तू फुकट दिसली तरी प्रत्यक्षात दोन वस्तू एका किमतीत विकलेल्या असतात. सरकारी हिशेबात ती दुसरी वस्तू मोफत नाहीच. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा अटळ खर्च आणि वस्तू आणण्याचा किंवा पोचवण्याचा खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही द्यावं लागत असेल, तर जाहिरातीत 'मोफत' म्हणायचं नाही, असं त्यांत आहे. हे लोकांना माहीत असायला हवं. फलकावर 'मोफत' दिसलं की काउंटरवर सरळ विचारावं: काहीच घेतलं नाही तर काय मिळेल? नंबरचा कागद मिळेल?

मोफत तपासणीला माझा सरसकट विरोध आहे असं कुणी समजू नये. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन एका धर्मादाय रुग्णालयात विनामूल्य झालं आणि उत्तम झालं. महंमदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय, जे पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन चालवतं, गरिबांसाठी असं काम करतं हे पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. मदुराईला डॉ. जी. वेंकटस्वामींनी १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, तिथे पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांची ऑपरेशनं होत आली. खर्च तिथेही असतोच, कुणीतरी तो उचललेला असतो. देणगीदाराला आपण काय उचलतोय ते माहीत असतं, आणि डॉक्टरला मावशींना काही विकायचं नसतं. मावशींना कागदही मिळाला, थेंबही मिळाले आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं तेही नीट समजावून सांगितलं गेलं.

दुकानाच्या उणिवाही सांगते. फ्रेमची निवड फारच कमी आहे. तरुण मुलांना इथे काही पसंत पडेल असं वाटत नाही. वहिनींच्या काचा बदलून मिळायला आठवड्याहून जास्त वेळ लागला, आणि त्याबद्दल फोन करायला हवा होता, तो आला नाही. जिना नाही, पण दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही. डोळे दाखवायला म्हातारी माणसंच जास्त येतात, तेव्हा हा कठडा काकांनी लवकर बसवून घ्यावा. गाडी लावायला जागा नाही. यूपीआय चालतं. दुपारी दुकान बंद असतं, म्हणून फोन करून वेळ घेऊनच जा. एका माणसाला ते अर्धा तास देतात आणि मधे दुसऱ्याला घेत नाहीत.

जाताना जुना चष्मा आणि जुना कागद असेल तर न्या. आणि डोळ्यांपुढे रोज जे असतं तेही बरोबर असू द्या: शिवणकाम असेल तर कापड, पोथी वाचत असाल तर पोथी, संगणक असेल तर पडद्यापर्यंतचं अंतर घरीच मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. ते विचारतातच.