व्हीपीएन ओळखायचं कसं: इंटरफेसचं नाव की सिस्टिमचं उत्तर?

फोनवर व्हीपीएन (डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी खासगी वाट) चालू आहे का, हे तुमच्या ॲपला ओळखायचं असेल, तर अँड्रॉइडवरचा जुना मार्ग म्हणजे नेटवर्क इंटरफेसची (फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या वाटांची) यादी चाळून ‘टीयूएन’ किंवा ‘पीपीपी’ने सुरू होणारं नाव शोधणं. पण नाव सापडलं म्हणजे तुमच्या ॲपचा डेटा तिथूनच जातोय असं नाही. वापरकर्त्याने बँकेचं ॲप व्हीपीएनमधून मुद्दाम वगळलेलं असतं, आणि तरीही व्हीपीएनचं नाव सापडलं म्हणून ॲपकडून बिचाऱ्याला दार बंद! आयफोनवर तर ‘यूटीयूएन’ हे असंच इंटरफेसचं नाव व्हीपीएन नसतानाही दिसतं.

त्यापेक्षा अँड्रॉइडच्या कनेक्टिव्हिटी मॅनेजरला (नेटवर्कची माहिती देणाऱ्या सिस्टिमच्या सेवेला) चालू नेटवर्कच्या क्षमता विचारून त्यात व्हीपीएन ट्रान्सपोर्ट (डेटा व्हीपीएनमधून जात असल्याची खूण) आहे का ते पाहावं. मी हेच निवडेन, कारण उत्तर तुमच्याच ॲपपुरतं मिळतं. अँड्रॉइड ६ पासून हे सोपं झालंय. मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या नोंदवायच्या फाइलमध्ये) नेटवर्कची स्थिती वाचायची परवानगी तेवढी हवी.

राउटरवर बसवलेलं व्हीपीएन मात्र दोन्ही मार्गांना दिसत नाही.